कोल्हापूरचा विमानतळ ‘हब’ होऊ शकतो का? हिशेब स्वतः मांडायची पद्धत

‘कोल्हापूर विमानतळ हब व्हावा’ ही मागणी निवेदनांत आणि व्यापारी संघटनांच्या बैठकांत सतत येते. ती कितपत शक्य आहे हे तपासायला सल्लागार कंपनी लागत नाही. सरकारी आकडे, कॅल्क्युलेटर आणि रात्री महामार्गावरच्या तावडे हॉटेल चौकात उभं राहून ट्रॅव्हल्सच्या गाड्या मोजायची तयारी असली की पुरे. ही पद्धत कोल्हापूरच्या आकड्यांवर मांडली आहे, पण सोलापूर, नांदेड किंवा जळगावलाही ती तशीच लागू पडते.

आमचं मत आधीच सांगतो. प्रवासी विमान बदलतात त्या अर्थाने मोठा हब कोल्हापुरात नजीकच्या काळात होणार नाही. पण दोन-तीन विमानं रात्री इथे मुक्कामाला राहतील आणि पहाटे इथूनच सुटतील असा तळ होऊ शकतो. मागणी त्याचीच करायला हवी.

हब म्हणजे नेमकं काय मोजायचं

नुसत्या जास्त विमानांनी हब होत नाही. सहा गावांहून सहा विमानं अर्ध्या तासाच्या आत उतरतात, प्रवासी आणि सामान एकातून दुसऱ्यात जातं आणि पाऊण-एक तासाने सहाही विमानं पुन्हा सहा दिशांना सुटतात. या लाटेला व्यवसायात ‘बँक’ म्हणतात. दिवसात अशा किमान दोन बँका नीट चालल्या तरच हब म्हणावं.

याचा फायदा गणितात दिसतो. सहा शहरं जोडली तर कोल्हापूर ते ती शहरं अशा 6 जोड्या होतात, आणि त्या शहरांच्या आपसातल्या 15. एकूण 21. दहा शहरं जोडली तर 10 अधिक 45, म्हणजे 55. शहरं दुपटीहून कमी वाढली, पण विकता येणाऱ्या जोड्या अडीच पटींहून जास्त झाल्या. विमान कंपन्यांना हबचं आकर्षण वाटतं ते यामुळेच.

तोटाही त्याच गणितात आहे. एटीआर 72 हे लहान शहरांसाठी वापरलं जाणारं पंख्याचं छोटं विमान 25 ते 30 मिनिटांत पुन्हा उडवता येतं. बँकेत त्याला इतरांची वाट पाहत पाऊण ते एक तास थांबावं लागतं. दोन बँका धरल्या तर प्रत्येक विमानाचा दिवसाचा सुमारे एक तास जमिनीवर जातो, म्हणजे मुंबईसारखी एक फेरी गेली. ही भरपाई विमान बदलणाऱ्या प्रवाशांनी भाड्यातून करून द्यावी लागते.

पहिली पायरी: गावचा प्रवासी किती?

सर्वात जास्त वेळ इथे घालवा. ज्या हबला गावचा प्रवासी नाही तो विमान कंपनीच्या मर्जीवर जगतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्गला 1992 मध्ये एका विमान कंपनीच्या हबसाठी भव्य टर्मिनल उभं राहिलं. 2004 मध्ये कंपनीने हब काढून घेतला आणि टर्मिनल बरंचसं रिकामं पडलं. मेम्फिसचा प्रवासी हबही विमान कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर 2013 मध्ये बंद झाला. दोन्ही शहरं कोल्हापूरपेक्षा कितीतरी पैसेवाली आहेत.

आता आपला आकडा काढू. सहा एटीआर, प्रत्येकी 78 जागा, त्यांपैकी 75 टक्के भरलेल्या: म्हणजे एका बँकेत साधारण 350 प्रवासी उतरणार. निम्मे विमान बदलणारे आणि निम्मे गावचे धरा. दोन बँकांचे गावचे प्रवासी उतरणारे 350, चढणारे 350. दिवसाला 700, वर्षाला अडीच लाखांवर. हे फक्त गावचे. तेवढेच आणखी विमान बदलणारे हवेत.

हे आकडे ताडून पाहायला दोन कागद पुरतात. भारतीय विमानतळ प्राधिकरण दरमहा प्रत्येक विमानतळाची प्रवासीसंख्या जाहीर करतं, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, शहरांच्या जोडीनुसार आकडे देतं. किमान 24 महिने एका ओळीत मांडा. एका दिवाळीच्या महिन्यावरून निष्कर्ष काढू नका. जुलै-ऑगस्टचे आकडे वेगळ्या रंगाने लिहा, कारण पावसात रद्द झालेली विमानं वार्षिक सरासरीत लपून जातात.

पण हे आकडे फक्त आज विमानाने जाणाऱ्यांचे. जे जाऊ शकले असते त्यांचा अंदाज रस्त्यावर मिळतो. मुंबई, हैदराबाद आणि बंगळूरला रात्री सुटणाऱ्या स्लीपर ट्रॅव्हल्स एक आठवडा मोजा. मंगळवार-बुधवारचा आकडा वेगळा ठेवा, कारण शुक्रवार-रविवारची गर्दी फसवते. एका गाडीत साधारण 30 ते 36 बर्थ असतात. मुंबईला जाणाऱ्या महालक्ष्मी एक्सप्रेसच्या वातानुकूलित डब्यांतल्या जागा त्यात मिळवा. या बेरजेतले 5 टक्के विमानाकडे वळतील असं धरून सुरुवात करा. 15 टक्के धरायचा मोह होतो, पण रात्री झोपून सकाळी दादरला उतरणाऱ्याचा दिवस वाया जात नसतो. त्याला विमानाने नेमकं काय वाचतं हे आधी तपासायला हवं. पुण्याचा आकडा यात घेऊच नका. सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरसाठी लोक गाडीच काढणार, आणि सप्टेंबर 2024 पासून वंदे भारतही आहे.

पुढचा प्रश्न प्रवासी येणार कुठून. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्हा 38.76 लाखांचा आणि सांगली 28.22 लाखांचा. म्हणून भाषणात ‘67 लाख लोकांचा विमानतळ’ असं म्हटलं जातं. नकाशावर एक तासाची रेघ ओढली की हा आकडा आकसतो. इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, मिरज, कागल, निपाणी आत येतात. कराडच्या माणसाला पुणे मोकळं आहे. चंदगड-गडहिंग्लजला बेळगावचा सांबरा विमानतळ जवळ. कोकणात सिंधुदुर्गचा चिपी 2021 पासून, आणि गोव्यात मोपा 2023 पासून सुरू आहे. प्रत्येक तालुक्यापुढे सर्वात जवळच्या विमानतळाचं नाव लिहा, आणि ज्यापुढे कोल्हापूर आलं तेवढीच लोकसंख्या मोजा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता, हेही लक्षात ठेवा. विमानतळ पंचगंगेच्या दक्षिणेला, तर शिरोली एमआयडीसी आणि सांगली-इचलकरंजीचा बराच प्रवासी पलीकडे.

उद्योजकांची शिफारसपत्रं जोडायची पद्धत आहे. त्यांचाही हिशेब करा. शंभर कारखान्यांनी आठवड्याला प्रत्येकी दोन माणसं मुंबईला पाठवली तरी दिवसाला 28 प्रवासी होतात. एक एटीआर 75 टक्के भरायला 58 लागतात. म्हणजे गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल या औद्योगिक वसाहती मिळून शंभर कारखाने एकत्र आले, तर एका विमानाची निम्मी भर होते. ही भर मोलाची आहे, पण एवढ्या बळावर सहा शहरं मागू नयेत.

दुसरी पायरी: कोल्हापूर वाटेवर आहे का?

दोन शहरांच्या सरळ अंतराच्या तुलनेत कोल्हापूरमार्गे किती जास्त उडावं लागतं ते काढा. सव्वापटीच्या वर गेलं तर ती जोडी सोडून द्या. आत असेल, तर त्या दोन शहरांत थेट विमान आहे का ते पाहा. थेट विमान असताना कोणी मधे उतरत नाही.

मुंबई-हैदराबाद सरळ सुमारे 620 किलोमीटर. कोल्हापूरमार्गे 310 अधिक 445, म्हणजे 755. गुणोत्तर 1.2. कागदावर बसतं, पण या दोन शहरांत दिवसभर थेट विमानं आहेत, त्यामुळे उपयोग शून्य. नागपूर ते मोपा या रेषेवर कोल्हापूर जवळजवळ सरळ येतं, गुणोत्तर 1.01. पण शेवटचा टप्पा 110 किलोमीटरचा, त्यासाठी कोणी विमान उडवणार नाही.

अहमदाबाद-तिरुपती बघा. सरळ सुमारे 1,280, कोल्हापूरमार्गे 730 अधिक 655 म्हणजे 1,385. गुणोत्तर 1.08. शिवाय तिरुपतीनंतर अंबाबाईचं दर्शन घेण्याची प्रथा असल्याने मधे एक दिवस थांबायला प्रवासी आनंदाने तयार होतो. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस याच प्रवाशावर वर्षानुवर्षं चालते आहे. अशा जोड्या शोधा: दोन्ही टोकांना प्रवासी आहे, थेट विमान तुरळक आहे, आणि मधल्या गावाला स्वतःचं आकर्षण आहे. सहा शहरांच्या 15 जोड्यांपैकी या चाळणीतून फार थोड्या उरतात, आणि तोच हबच्या मागणीतला सर्वात कच्चा दुवा आहे.

तिसरी पायरी: धावपट्टी

1939 मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाची धावपट्टी पूर्वी 1,370 मीटर होती, ती वाढवून 1,930 मीटर झाली. 2,300 मीटरचा प्रस्ताव आहे. ‘2,300 झाली की एअरबस येईल’ हे वाक्य सरसकट मान्य करण्याआधी खालील गणित करा.

उत्पादक कंपनी धावपट्टीची जी गरज सांगते ती समुद्रसपाटीला आणि 15 अंश तापमानाला धरून असते. कोल्हापूरचा विमानतळ सुमारे 608 मीटर उंचीवर. हवा विरळ झाली की इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या आराखडा पुस्तिकेप्रमाणे दर 300 मीटर उंचीला 7 टक्के लांबी वाढवायची. आपले 14.2 टक्के. मग तापमान. त्या उंचीला प्रमाण तापमान सुमारे 11 अंश. एप्रिलच्या दुपारचं सरासरी कमाल तापमान 37 धरलं, तर फरक 26 अंशांचा, आणि दर अंशाला 1 टक्का.

एटीआर 72-600 पूर्ण वजनाला समुद्रसपाटीवर सुमारे 1,315 मीटर घेतं. 1,315 गुणिले 1.142 गुणिले 1.26 म्हणजे सुमारे 1,890 मीटर. सध्याच्या 1,930 मध्ये ते जेमतेम बसतं. एअरबस ए320 ला पूर्ण वजनाला सुमारे 2,100 मीटर लागतात. तोच गुणाकार केला की 3,000 च्या वर जातं. अर्थात मुंबई किंवा हैदराबादला जायला टाकी भरावी लागत नाही, त्यामुळे हलक्या वजनाने ए320 याहून बरंच कमी लांबीत उडू शकतं. पण दिल्लीसाठी एप्रिलच्या दुपारी पूर्ण भरलेलं ए320 निघेल असं गृहीत धरू नका. काही जागा रिकाम्या ठेवाव्या लागतील, आणि त्या जागांचे पैसे कोणीतरी भरणारच. उंची आणि तापमान मिळून दुरुस्ती 35 टक्क्यांच्या वर गेली तर त्याच पुस्तिकेप्रमाणे स्वतंत्र अभ्यास करायचा असतो. आपली 44 टक्के आहे. म्हणून वरचा गुणाकार विमान कंपनीशी बोलायला बसण्यापुरताच वापरा. शेवटचा शब्द त्या विमानाच्या कामगिरी तक्त्यांचा.

जागेचा हिशेबही बहुतेक जण चुकवतात. 370 मीटर धावपट्टी वाढवायची म्हणजे 370 गुणिले 45 मीटर डांबर नव्हे. उपकरणांच्या आधारे उतरायच्या मोठ्या धावपट्टीला मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 140 मीटर मोकळी पट्टी लागते. नुसती ती धरली तरी 370 गुणिले 280, म्हणजे 25 एकरांहून जास्त. टोकापलीकडे 60 मीटर पट्टी, त्यापुढे किमान 90 आणि शिफारशीप्रमाणे 240 मीटर सुरक्षा क्षेत्र. पूर्ण अॅप्रोच लाइट, म्हणजे उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची दिशा दाखवणारे दिवे, हवे असतील तर त्यांची रांग 900 मीटरची. उजळाईवाडी, गडमुडशिंगी, तामगाव, नेर्ली या गावांच्या जमिनी आणि रस्ते म्हणूनच प्रत्येक वाढीत येतात. शेतकऱ्याशी बोलायला बसताना सुरक्षा क्षेत्रासह पूर्ण नकाशा समोर ठेवा. तुकड्यातुकड्याने जमीन मागितली की दुसऱ्या वेळी विश्वास उरत नाही, आणि त्यातच वर्षं जातात.

चौथी पायरी: जमिनीवरची तयारी

सहा विमानांची बँक म्हणजे एकाच वेळी सहा विमानं उभी राहतील एवढं अॅप्रन (विमानं उभी करायची फरसबंद जागा), आणि बिघडलेल्या सातव्यासाठी जागा. 10 मार्च 2024 रोजी उद्घाटन झालेलं नवं टर्मिनल देखणं आहे, पण हबसाठी इमारतीच्या कमानींपेक्षा दोन गोष्टी तपासायच्या. उतरलेला प्रवासी बाहेर न जाता सुरक्षित भागातूनच पुढच्या विमानाकडे जाऊ शकतो का? आणि सामान एका विमानातून दुसऱ्यात न्यायला वेगळी वाट आणि माणसं आहेत का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर विमान बदलायला दीड तास धरावा लागतो आणि बँक मोडते.

अग्निशमनाची श्रेणी विमानाच्या लांबीवर ठरते. एटीआर 72 ची लांबी 27 मीटर, श्रेणी 5. एम्ब्रेअर 175 हे छोटं जेट आणि ए320 दोन्ही श्रेणी 6 मध्ये. श्रेणी वाढली की बंब, पाणी, फोम आणि माणसं वाढतात, तीही विमानतळ सुरू असण्याच्या प्रत्येक तासासाठी.

पावसाळ्यासाठी एआयपी, म्हणजे विमानतळाची अधिकृत माहितीपुस्तिका, उघडून कोणत्या उपकरणाच्या आधारे उतरता येतं आणि किमान दृश्यमानता किती ते पाहा. श्रेणी-1 ची आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीवर आणणारी यंत्रणा, असेल तर वैमानिक 200 फुटांपर्यंत खाली येऊन निर्णय घेऊ शकतो. ती नसेल तर त्याहून बऱ्याच वरूनच परत फिरावं लागतं. जुलैत ढग खाली आले की एवढ्याच फरकाने विमान बेळगावला किंवा गोव्याला जातं. साध्या विमानतळावर त्याने एक फेरी बुडते. हबमध्ये एक विमान चुकलं की उरलेल्या पाच विमानांतले प्रवासी अडकतात.

पाचवी पायरी: अनुदान संपल्यावर काय?

लहान शहरं विमानाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेत ठरावीक जागांचं भाडं मर्यादित ठेवून कंपनीला तीन वर्षं तूट भरून दिली जाते. त्यानंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा अशी अपेक्षा. महालेखापालांच्या 2023 च्या अहवालात तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, 112 नी तीन वर्षं पूर्ण केली, आणि मार्च 2023 पर्यंत 54 टिकले. उडानवर उभा केलेला हब याच आकड्यांवर उभा असतो. म्हणून प्रत्येक मार्गाच्या पुढे दोन रकाने आखा: अनुदानासह किती जागा भरल्या तर परवडतं, आणि अनुदानाशिवाय किती. दुसऱ्या रकान्यात 85 टक्क्यांच्या वर आकडा आला तर तो मार्ग चौथ्या वर्षी बंद होईल असंच धरा.

स्टार एअर ही कंपनी घोडावत समूहाची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली. तरी तिचं मुख्यालय बंगळूरला आहे. मालकाला गावाबद्दल आपुलकी आहे, पण विमान तिथेच राहतं जिथे सकाळी भरतं.

मागणी कशाची करायची

एसटीची मुक्कामी गाडी गावात रात्री येते आणि पहाटे सुटते, म्हणून गावचा माणूस शहरातलं काम उरकून त्याच दिवशी घरी पोचतो. विमानालाही हेच लागू आहे. बाहेरून दुपारी येऊन अर्ध्या तासात परत जाणारं विमान मुंबईकराच्या सोयीचं. कोल्हापूरच्या कारखानदाराला त्याने दोन रात्री हॉटेलात काढाव्या लागतात, मग तो रात्रीची ट्रॅव्हल्सच धरतो. सकाळी साडेसहा-सातला इथून सुटणारं आणि रात्री साडेआठ-नऊला इथे परतणारं एक विमान गावच्या प्रवाशाला जेवढं ओढून आणेल, तेवढं दुपारच्या तीन विमानांनी होणार नाही.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत आणि निवेदनात नेमक्या लिहिता येतात. विमानतळ सकाळी 6 ते रात्री 10 उघडा हवा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, अग्निशमन आणि सुरक्षा यांच्या दोन पूर्ण पाळ्या. रात्री विमान ठेवायला उजेड आणि पहारा असलेली जागा, आणि पहिली काही वर्षं त्या जागेच्या भाड्यात सूट. त्या प्रकारच्या विमानाचा परवाना असलेला अभियंता इथे राहायला, सोबत चाकं, ब्रेक आणि नेहमी लागणारे सुटे भाग. हे नसेल तर पहाटे टायर खराब निघालं की बंगळूर किंवा हैदराबादहून भाग येईपर्यंत दिवस जातो. इंधनाची टाकी पहाटेच्या उड्डाणाआधी उघडी असावी. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीचे तास नियमाने ठरलेले असतात, त्यामुळे रात्री उशिरा आलेल्यांना पहाटे उडवता येत नाही. दुसरी तुकडी गावातच लागते, आणि ती इथे राहायला आली की खऱ्या अर्थाने तळ सुरू झाला.

मुंबईतली वेळ मिळणं हा सर्वात मोठा अडथळा. सकाळी आठच्या सुमाराची उतरायची वेळ मुंबईत लहान विमानाला जवळजवळ मिळत नाही, कारण त्याच वेळेत मोठं विमान दुप्पट-अडीचपट प्रवासी आणतं. डिसेंबर 2025 मध्ये उड्डाणं सुरू झालेल्या नवी मुंबईने ही कोंडी थोडी सुटू शकते. ज्याचं काम पनवेल, तळोजा किंवा वाशीत आहे त्याला ते सोयीचंही पडेल. नरिमन पॉइंटला जाणाऱ्याला मात्र पुढचा रस्ता धरून हिशेब करू द्या.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. वेळांचे अर्ज त्याआधी कित्येक महिने जातात. हिवाळ्यासाठी आपला तक्ता विमान कंपनीच्या नियोजन विभागाकडे एप्रिलपर्यंत, आणि उन्हाळ्यासाठी सप्टेंबरपर्यंत पोचवा. त्यात चार गोष्टी असाव्यात: 24 महिन्यांचे प्रवासी, ट्रॅव्हल्स-रेल्वेची मोजणी, तालुकावार लोकसंख्या, आणि पहाटे 6 ते रात्री 10 विमानतळ उघडा ठेवण्याचं प्राधिकरणाचं लेखी पत्र. चौथा कागद नसेल तर आधीचे तीन वाचले जात नाहीत, म्हणून पाठपुराव्याची सुरुवात तिथून करा.